केशरी तार सोडून बाकी सारे आपल्या हाती



बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि शेवटी तो कोणाच्या दावणीला होता याची चौकशी करतो. चांगल्या हाताखालचे जनावर वयाने मोठे असले तरी कामाला खरे उतरते. आबाळ झालेले तरुण जनावर ऐन पेरणीत बसकण मारते. जुन्या मोटारगाडीचेही तसेच आहे.

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात ज्या घरातला एखादा तरी माणूस कारखान्यात शिफ्टला जातो, त्या घराच्या अंगणात आता मोटारगाडी दिसू लागली आहे. नवी परवडत नाही म्हणून दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी घेतात, आणि पेट्रोल कमी लागते म्हणून त्यातही हायब्रिडकडे नजर जाते. गाडी दारात आली की पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी सांगतो, "हिची मोठी बॅटरी गेली, म्हणजे एका पिकाचा पैसा गेला म्हणून समजा!"

मग घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारे म्हणतात, बोनेटला हातसुद्धा लावू नका. धाकटे मोबाइलवर चित्रफीत पाहून बॅटरीची पेटी उघडायला निघतात. दोघांचेही चुकते. पहिल्याच्या भीतीने गाडी मरते, दुसऱ्याच्या धाडसाने माणूस मरतो. कोणत्या कामाला हात घालायचा आणि कोणत्या नाही, ही रेघ एकदा नीट समजली, तर जुनी हायब्रिड गाडी घरच्या देखभालीवर पुष्कळ वर्षे चालते. आज ती रेघच समजून घेऊ.

एका जुवाला दोघे

हायब्रिड म्हणजे एका जुवाला जुंपलेले दोन बैल. एक पेट्रोलचे इंजिन, दुसरी विजेची मोटार. रस्ता मोकळा असला की इंजिन ओढते, चढाला दोघे मिळून ओढतात, आणि गर्दीत सावकाश सरकताना इंजिन बंद राहून एकटी मोटार गाडी नेते. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की तीच मोटार जनित्र बनून वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. चाकणच्या चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर गाड्या गोगलगाईसारख्या सरकतात. तिथे साधी गाडी उभ्या उभ्या पेट्रोल जाळते. हायब्रिडचे इंजिन त्या वेळी बरेचदा बंद असते. बचत होते ती इथे.

अशी प्रियस ही गाडी टोयोटा कंपनीने जपानात १९९७ साली बाजारात आणली आणि भारतात २०१० साली. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका टॅक्सीचालकाने सुरुवातीच्या काळातली प्रियस ३ लाख किलोमीटरच्या पुढे नेली होती. म्हणजे पुष्कळ चाललेली हायब्रिड ही आपोआप मोडीत काढायची वस्तू होत नाही.

आपल्याकडे दोन जातींच्या हायब्रिड दिसतात. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांत २०१५ पासून जी रचना आली, ती सौम्य जातीची. तिथे पट्ट्यावर फिरणारे एक यंत्र जनित्राचे आणि स्टार्टरचे काम करते आणि इंजिनाला थोडा हातभार लावते. एकट्याने गाडी ओढत नाही. आपल्या चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात २०२२ पासून जुळवली जाणारी नवी सी-क्लास हीसुद्धा सौम्य जातीचीच, मात्र ४८ व्होल्टची. दुसरी ती पुऱ्या ताकदीची जात. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांचे हायब्रिड प्रकार, होंडा सिटीचा हायब्रिड प्रकार, इनोव्हा हायक्रॉस या गाड्या २०२२ च्या सुमारास आल्या. आजचे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या जातीविषयी आहे.

केशरी रेघ

बोनेट उघडले की जाड केशरी रंगाच्या तारा दिसतात. हीच ती रेघ. केशरी तार, ती जिथे जाते तो इन्व्हर्टरचा डबा आणि जिथून येते ती मोठ्या बॅटरीची पेटी, या तीन गोष्टींना घरी पान्हा लावायचा नाही.

कारण तुम्हाला चटकन पटेल. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीला ४१५ व्होल्ट लागतात, आणि फ्यूज काढल्याशिवाय स्टार्टरच्या पेटीत बोट घालू नये हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. हायब्रिडची मोटारही थ्री-फेजचीच. प्रियसची बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, आणि तिच्या तिसऱ्या पिढीत इन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. म्हणजे तुमच्या पंपापेक्षाही जास्त. शिवाय बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी. तिचा धक्का पंपाच्या विजेइतकाच जिवावर बेततो. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठून राहते. सिंगल-फेज पंपाच्या कपॅसिटरने झटका दिलेला ज्याला आठवतो, त्याला अधिक सांगायला नको.

पिंपरीला टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, २००९-१० च्या सुमारास चाकणला परदेशी कंपन्यांचे आणि महिंद्रचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांत काम केलेला माणूस आता जवळजवळ प्रत्येक गावात आहे. त्याला विचारा: यंत्र उघडण्यापूर्वी तिथे काय करतात? मुख्य बटन बंद करून त्याला कुलूप घालतात, "काम चालू आहे" अशी पाटी अडकवतात, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. हीच शिस्त अंगणात पाळायची.

कोणत्याही कामाआधी गाडी सपाट जागी लावा, हातब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. बटनाने गाडी बंद करून 'रेडी'चा दिवा विझला आहे याची खात्री करा. हा दिवा लागलेला असेल तर गाडी शांत असली तरी जागी असते. इंजिन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते आणि पट्ट्याजवळचे बोट जाऊ शकते. किल्ली घरात, पाच-सात मीटर दूर, मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या. हातातली अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवा. आणि गाडी 'रेडी'मध्ये असताना बंद पडवीत कधी उभी ठेवू नका. इंजिन स्वतःहून सुरू झाले तर विषारी धूर कोंडतो, आणि त्याला धड वासही नसतो.

घरी करायची कामे

पहिले काम बॅटरीच्या पंख्याचे. खर्च जवळजवळ शून्य, फायदा सर्वांत मोठा. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी हवेने गार होते. ही हवा गाडीच्या आतून, बहुधा सीटच्या कडेच्या किंवा खालच्या एका जाळीतून ओढली जाते. तुमच्या गाडीत ती जाळी कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले असते. शहरातल्या गाडीत तिथे थोडी धूळ साठते. आपल्या गाडीत कांद्याचा पाला, भुश्श्याची कणी, कुत्र्याचे केस, शेतातली माती असे सगळे जाते. चाकणच्या बाजारात कांद्याची पिशवी पोचवायची म्हणून ती सीटवर टाकली, की साले थेट त्या जाळीवर. जाळी तुंबली की बॅटरी तापते, आणि उष्णता हाच बॅटरीचा खरा शत्रू.

म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जाळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढा, कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, घरी धूळ ओढणारे यंत्र असेल तर ते फिरवा. पाणी लावायचे नाही. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा आत मारायची नाही. त्याने धूळ बॅटरीवर जाऊन बसते. सीटचे जाड कव्हर किंवा चादर जाळीवर येत नाही ना, हे पाहा. उन्हाळ्यात गाडी झाडाखाली किंवा छपराखाली लावा.

दुसरे काम लहान बॅटरीचे. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. बऱ्याच पुऱ्या हायब्रिड गाड्यांत तिचे काम घराच्या किल्लीसारखे: ती गाडीचा संगणक जागा करते, आणि इंजिन फिरवायचे काम मोठी बॅटरी करते. ही लहान बॅटरी उतरली की गाडी मुळीच उठत नाही, भलतेसलते दिवे लागतात, आणि माणूस घाबरून "मोठी बॅटरी गेली" म्हणून लाखाच्या हिशेबाला लागतो. आधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ आला तर अर्धी, आणि १२ च्या खाली आला तर तिचे काही खरे नाही. टोके पांढरी झाली असतील तर साफ करून घट्ट करा. बदलायची झाल्यास मूळ जातीचीच घ्या. काही गाड्यांत ती डिकीत असते आणि तिचा वायू बाहेर सोडणारी नळी असते, ती परत जोडायला विसरू नका.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली म्हणून हायब्रिडला तारा जोडून ट्रॅक्टर सुरू करू नका. ट्रॅक्टरचा स्टार्टर एका दमात शेकडो अँपिअर ओढतो, आणि हायब्रिडमधले नाजूक यंत्र तेवढे देण्यासाठी बनवलेले नसते. उलट बाजूने, हायब्रिडची लहान बॅटरी उतरली असेल, तर ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवून त्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार घेता येतो. पण जोडणी पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच, आणि अधिक-उणे दोनदा तपासून. एकदा उलटी तार लागली तर पश्चात्तापाशिवाय हाती काही उरत नाही.

तिसरे काम ऑइलचे. हायब्रिडचे इंजिन सारखे बंद-चालू होते. गाव ते कारखाना एवढीच धाव असेल तर ते पुरते तापतही नाही, आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहतो. म्हणून नुसते किलोमीटर मोजू नका. किलोमीटर कमी झाले तरी पुस्तिकेतली महिन्यांची मुदत पाळा. या इंजिनांना बहुधा पातळ ऑइल लागते. ट्रॅक्टरच्या डब्यातले घट्ट ऑइल उरले आहे म्हणून ओतू नका. गाडी जॅकवर उचलली असेल तर खाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय कोणीही आत शिरायचे नाही. काढलेले काळे ऑइल ओढ्यात किंवा बांधावर टाकू नका. डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. त्याच पाण्यावर आपली जनावरे जगतात.

चौथे काम कूलंटचे. बऱ्याच पुऱ्या हायब्रिड गाड्यांत दोन टाक्या असतात: एक इंजिनाची, दुसरी इन्व्हर्टरची. इंजिनाची सगळे पाहतात, दुसरी कोणी पाहत नाही. गाडी पूर्ण गार असताना दोन्हींची पातळी खुणेशी ताडून पाहा. कमी झाली तर पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घाला. बोअरचे जड पाणी घातले तर आत क्षार धरतो. आपल्या घरच्या पाणी तापवायच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. नुसते भरत राहू नका.

पाचवे काम ब्रेक पाहण्याचे. या गाडीचा वेग बराचसा मोटारच कमी करते, म्हणून ब्रेक पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. पण कमी वापरलेला नांगर जसा गंजतो, तसे ब्रेकही गंजतात. मावळच्या पावसात तर डिस्कवर तांबूस थर चढतो आणि ब्रेकचे सरकते खिळे जाम होतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चाक काढून पाहा: पॅड दोन्ही बाजूंनी सारखा झिजला आहे ना, चाक हाताने मोकळे फिरते ना. पाहणे तुमचे, पण पॅड बदलणे आणि ब्रेक ऑइल बदलणे मिस्त्रीचे. कारण अनेक हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो, आणि दार उघडताच तो पंप जागा होऊ शकतो. अशा वेळी पॅड काढलेले असतील तर बोट चिरडते.

याखेरीज चाकांतली हवा महिन्यातून दोनदा, इंजिनाचा हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत दर महिन्याला, आणि बोनेटखाली उंदरांची फेरी झाली का हे दर आठवड्याला पाहावे. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी लावू नये. उंदराने केशरी तार कुरतडलेली दिसली तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

पेट्रोलची टाकी कोरडी होऊ देऊ नका. पेट्रोल नसताना गाडी बॅटरीवर रेटली तर बॅटरीचे नुकसान होते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा.

गाडी बंद पडली तर

आपल्याकडे गाडी अडली की पहिला उपाय म्हणजे दोर बांधून ट्रॅक्टरने ओढणे. हायब्रिडला हा उपाय चालत नाही. ओढणारी चाके जमिनीवर फिरली की त्यांना जोडलेली मोटार फिरते आणि वीज तयार करते. त्याने आतली यंत्रे जळू शकतात. ज्या गाडीची पुढची चाके ओढतात तिची पुढची चाके उचलून, नाहीतर सरळ सपाट ट्रकवर घालूनच ती न्यावी. पुराच्या पाण्यात सीटपर्यंत बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, आणि तिला कोणाला हातही लावू देऊ नये.

म्हातारा बैल आणि खोंड

मोठी बॅटरी थकली की आधी खुणा दिसतात. तिचा पंखा सारखा घोंगावतो. बॅटरीचा काटा भरभर वर आणि भरभर खाली जातो. इंजिन पूर्वीपेक्षा जास्त वेळा सुरू होते आणि पेट्रोल वाढते. शेवटी इशाऱ्याचा दिवा लागतो. पहिली खूण दिसताच आधी जाळी साफ करा, मग लहान बॅटरी तपासा. तरीही खुणा राहिल्या तर हायब्रिडचे काम येणाऱ्या मिस्त्रीकडून बॅटरीच्या प्रत्येक भागाची तपासणी कागदावर घ्या.

प्रियसच्या जुन्या बॅटरीत २८ भाग ओळीने जोडलेले असतात. त्यातला एक गेला की काही ठिकाणी तेवढाच बदलून स्वस्तात गाडी परत देतात. ऐकायला बरे वाटते. पण ही गोष्ट म्हाताऱ्या बैलांच्या ओळीत एक तरुण खोंड जुंपण्यासारखी आहे. बाकीचे सत्तावीस त्याच वयाचे असतात. काही महिन्यांत दुसरा बसतो, मग तिसरा. गाडी विकायचीच असेल तर गोष्ट वेगळी. पण घरात ठेवायची असेल तर पुरी बॅटरी, हमीसह, लेखी पावतीवर घ्यावी.

त्याआधी हमी शिल्लक आहे का ते पाहा. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांसारख्या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला कंपनीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी पुरे होईल तिथपर्यंत दिलेली आहे. घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात पेटी उघडली, तर ती हमी हातची जाण्याचा धोका असतो.

एक वही

शेवटी एक दहा रुपयांची वही घ्या. दुधाचा हिशेब जसा रोज लिहितो, तसे गाडीचे लिहा: तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल, काय साफ केले, लहान बॅटरीचे व्होल्ट किती. पेट्रोलचा हिशेब टाकीभर ते टाकीभर काढा. एका महिन्यात एक-दोन किलोमीटरचा फरक पडला तर त्याला कारण ऊन, पाऊस, रस्ता काहीही असेल. पण तीन महिने आकडा उतरतच गेला, तर गाडी काहीतरी सांगते आहे. तोंडाने न बोलणारे जनावर आपण वैरण किती खाते यावरून ओळखतो, ते हेच. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर हीच वही तुमच्या दावणीची साक्ष देईल.

आणि गाडी घेणार असाल तर विकणाऱ्याकडे अशीच नोंद मागा. नोंद नसेल तर निदान पंख्याची जाळी उघडून पाहा. जिथे धुळीची चटई साठली आहे, तिथे बाकी देखभाल कशी झाली असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

या रविवारी कामाला सुरुवात करा. घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवा, पुस्तिका त्यांना वाचायला लावा, आणि सर्वांत आधी केशरी तार दाखवून सांगा की ही आपली नव्हे. बाकीची जाळी, बॅटरीची टोके, ऑइलची कांडी, कूलंटच्या खुणा ही सारी आपली. शिफ्टवरून रात्री बाराला परतणारा माणूस सुखरूप घरी पोचावा, यासाठी तेवढी मेहनत कोणालाही जड नाही.